एकटीनं आंबोली: पहाटेची गाडी सोडा, सकाळची पकडा

प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीत राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंना जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एकटीनं आंबोलीला जायचं आहे. बेत एका दिवसाचा. पहाटेची एसटी, मग धबधबा, कावळेसाद, महादेवगड, हिरण्यकेशी, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत कोल्हापूर. विचारतात, 'मला पॉइंटपेक्षा जंगल आणि प्राणी बघायचे आहेत, सापाची भीती वाटते, एकटीनं जाणं बरं दिसेल का, आणि पायात काय घालू?'

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, त्याचं उत्तर सोपं आहे. गमबूट. शेतात घालतात तेच, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे. लक्ष्मीपुरीत मिळतात. भारीतले ट्रेकिंग शूज आंबोलीच्या पावसात तासाभरात बादली होतात आणि तीन दिवस वाळत नाहीत. आपली कोल्हापुरी चप्पल तर घरीच ठेवा. चामडं भिजलं की पापडासारखं वाकडं होतं, मग नंतर मला शिव्या घालाल.

बाकीचा बेत मात्र मी मोडणार आहे.

गेली वीसेक वर्षं मी माणसांना पावसाळ्यात आंबोलीत फिरवतोय. त्यात सगळ्यात जास्त निराश होऊन परतलेली माणसं म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी गेलेली. भिजली, मक्याचं कणीस खाल्लं, धुक्यात फोटो काढले, आणि वर म्हणाली, 'प्राणी काही दिसले नाहीत हो.' दिसणार कसे? आंबोलीतलं बघण्यासारखं बहुतेक सगळं अंधार पडल्यावर बाहेर येतं. तुम्ही संध्याकाळची गाडी पकडता, तेव्हा तिथं दिवस सुरू होत असतो. म्हणून एक दिवस मोजायचाच तर दुपारी एक ते दुसऱ्या दिवशी दुपारी एक असा मोजा. रजा एकाऐवजी दोन दिवसांची लागते, पण मध्ये एक रात्र पडते.

गाडी सकाळी आठ-नऊची घ्या. मध्यवर्ती बसस्थानकावर 'सावंतवाडी' वाचून धावत चढू नका. पाटीवर आजरा, आंबोली आहे का ते बघा किंवा कंडक्टरला विचारा. राधानगरीवरून फोंडा घाटात उतरणारी गाडी तुम्हाला सरळ कोकणात नेऊन सोडेल, आणि आंबोली डोक्यावर राहील. खिडकीची जागा धरा. हा प्रवास झोपून घालवण्यासारखा नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आंबोलीत सात हजारांच्या आसपास. हा सात पटींचा फरक तुम्ही तीन-साडेतीन तासांत खिडकीतून बघता. निपाणीपर्यंत उसाची शेतं. उत्तूरच्या पुढं भाताची खाचरं सुरू होतात. आजऱ्याला पोचलात की घनसाळ भाताचा मुलूख आणि काजूच्या बागा. आणि आजरा सोडून पुढं गेलं की एका वळणावर काचा आतून धुरकट होतात, ड्रायव्हर दिवसा दिवे लावतो. तिथून आंबोली जवळ आली समजायचं.

कारण साधं आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकणच्या सपाटीवर फारसे अडत नाहीत. पुढं सह्याद्रीची भिंत उभी राहते. आंबोली त्या भिंतीच्या बरोबर कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर बसली आहे. ढग वर चढतो, गार होतो आणि तिथंच रिकामा होतो. आपल्याकडे येईपर्यंत त्यात उरतं ते कोल्हापूरचं वाटणीचं. हा पाऊस, वर जांभा दगडाचे सडे आणि बाजूला सदाहरित रान, असं एकत्र आल्यामुळं इथं बेडकांची जी दुनिया तयार झाली आहे ती दुसरीकडे बघायला मिळत नाही.

राहायला घरगुती ठिकाण निवडा, जिथं त्या घरची बाई स्वतः चुलीपाशी असते. एमटीडीसीचं निवासही आहे. एकटीनं जाणं बरं दिसेल का, याचं उत्तर माझ्या मते वारावर अवलंबून आहे. मंगळवार-बुधवारी जा, खुशाल जा. गाव साधं आहे, एकटी मुलगी दिसली तर आधी 'जेवलीस काय' विचारतील. शनिवार-रविवार नको. घाटातल्या धबधब्यावर बाटल्या घेऊन आलेली गर्दी असते, आणि ती गर्दी बहुतेक आपल्याच बाजूची असते हे कबूल करायला पाहिजे. आणखी एक. अंधारासाठी अमावास्या जवळची तारीख चांगली, पण जुलै-ऑगस्टमधली आषाढी अमावास्या म्हणजे गटारी. कालनिर्णय उघडून तो आठवडा आधी वगळा.

खोलीवर पोचल्यावर आधी जेवा. भाकरी किंवा उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. तांबडा-पांढरा रस्सा मागू नका, देतील, पण तो तुम्हाला आवडणार नाही. मग घरी फोन करून राहण्याच्या ठिकाणाचा नंबर द्या, कारण पावसात नेटवर्क येतं-जातं. आणि त्याच वेळी रात्रीच्या वाटाड्याची खात्री करून घ्या. आंबोलीत बेडूक-सापांची उत्तम जाण असलेली स्थानिक पोरं आहेत. राहण्याच्या ठिकाणी विचारलंत तर बोलावून देतात. रात्री एकटीनं फिरायचं नाही, ही एकच गोष्ट मी हट्टानं सांगेन. कारण साप नव्हे, गवा आणि अस्वल. शेजारच्या चौकुळ गावाच्या बाजूला दोघांचाही वावर आहे, आणि धुक्यात दहा फुटांवरचा गवा दिसत नाही, फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. वाटाड्याला पैसे आधी ठरवून द्या आणि एक वाक्य स्पष्ट सांगा, 'मला काही पकडून दाखवू नका.' हे का, ते पुढं सांगतो.

दुपारचे दोन-तीन तास कावळेसादला घालवा, तेही हवं असेल तर. दरीतून वर येणारा वारा पडतं पाणी उलटं फेकतो ते बघण्यासारखं आहे. कठड्याच्या आत राहा, छत्री नेऊ नका, तिचा उलटा कमळ होतो. धबधबा गावाच्या पुढं, सावंतवाडीच्या बाजूला घाटात आहे, त्यासाठी वेळ काढू नका.

त्यापेक्षा चार वाजता गावाजवळच्या एखाद्या सड्यावर जा. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. लांबून नुसता काळा-तांबडा कातळ वाटतो. उकिडव्या बसा. कातळातल्या ताटलीएवढ्या खड्ड्यात बोटभर पाणी असतं आणि त्यात काळे ठिपके वळवळत असतात. ही आंबोली टोड नावाच्या छोट्या बेडकाची पिल्लं असू शकतात. हा प्राणी शास्त्राला वेगळी जात म्हणून कळला तो २००९ साली. झँथोफ्रिन टायग्रिना असं नाव मिळालं, कारण अंगाच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे पट्टे. पुरा वाढला तरी तुमच्या अंगठ्याएवढा. जगाच्या पाठीवर तो आंबोलीच्या परिसराखेरीज जवळजवळ नाहीच, आणि नष्ट होण्याच्या अगदी कडेवर असलेल्या जातींत त्याची नोंद आहे. पहिल्या पावसाच्या सुरुवातीच्या दिवसांत ही मंडळी सड्यावर शेकड्यांनी जमतात, मिलन होतं आणि पांगतात. तुम्ही जाल तेव्हा ती जत्रा उठलेली असेल. पण चुकार टोड रात्री दिसतोच. बुटाखाली काय येतंय ते बघत चाला, आणि खड्ड्यातल्या पाण्यात पाय घालू नका. त्याचं अख्खं बालपण त्या बोटभर पाण्यात असतं.

आता रात्र. सात-साडेसातला निघा. दोन विजेऱ्या, एक डोक्याला बांधायची, एक हातात. मोबाइलचा उजेड कामाचा नाही. रेनकोटची टोपी डोक्यावरून मागे टाका, नाहीतर कानाला फक्त प्लॅस्टिकवरचा पाऊस ऐकू येतो. आंबोलीची रात्र आधी कानानं बघायची असते. झुडपातून टिक-टिक-टिक असा आवाज येतो, जुन्या टाइपरायटरसारखा. हे झुडूपबेडूक. तुमच्या नखाएवढा नर एखाद्या पानावर बसून गळ्याचा फुगा करून ओरडत असतो आणि त्याला शोधायला पाच मिनिटं लागतात. शाळेत आपण शिकलो की बेडूक पाण्यात अंडी घालतो, त्यातून शेपटीवाली पिल्लं येतात वगैरे. या झुडूपबेडकांना ते मान्य नाही. अंडी ओल्या मातीत किंवा पानावर, आणि त्यातून थेट चार पायांचा तयार बेडूक बाहेर. हवाच इतकी ओली की तळं लागतच नाही. यातल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच 'अंबोली' आहे.

पाण्याच्या टाकीवर किंवा डबक्यावर झुकलेल्या फांदीला मुठीएवढा फेस चिकटलेला दिसला तर थांबा. साबणाचा फेस वाळत आल्यासारखा, पिवळट. हे मलबारी उडत्या बेडकाचं घर. मादी अंडी घालताना सोबतच्या स्रावाला मागच्या पायांनी अंडं फेटल्यासारखं फेटते, त्याचा फेस होतो, आजूबाजूची पानं त्याला चिकटतात. वरून फेस सुकतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पिल्लं त्यातून सुटून खालच्या पाण्यात टपाटप पडतात. बेडूक स्वतः हिरवागार, आणि बोटांमधला पडदा शेंदरी. तो पडदा ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. बसलेला असताना मात्र पाय दुमडून असा चिकटतो की तुम्ही त्याच्याकडे बघत असता आणि पान समजत असता.

एक गंमत करून बघा. विजेरी कानशिलापाशी धरा आणि गवतावर सरळ नजर टाका. निळसर-हिरव्या टाचणीच्या टोकांसारख्या ठिणग्या चमकतील. दवबिंदू नव्हेत, कोळ्यांचे डोळे. पहिल्यांदा मोजायला गेलेली माणसं मोजणं सोडून देतात.

आता साप. तुमची भीती मला समजते, पण आंबोलीत पावसाळ्यात ज्या सापासाठी लोक येतात तो मलबारी चापडा तुमच्या मागे लागणाऱ्यातला नाही. तो कंबरेएवढ्या झुडपावर वेटोळं करून बसतो, तोंड खाली, आणि वाट बघतो. कधी कधी एकाच फांदीवर सलग दोन-तीन रात्री. हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळा असतो, एकाच झुडपात दोन रंगांचे शेजारी मी बघितलेत. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्यातून त्याला उष्णता कळते, म्हणजे अंधारात तुम्ही त्याला दिसता, पण खाणं म्हणून तुम्ही फार मोठ्या आहात. धोका एकाच गोष्टीचा. घसरताना आधार म्हणून झुडूप धरणं. म्हणून आंबोलीत फांदी धरायची नाही, घसरलात तर बसून घसरा. समजा चावलाच, तर सूज आणि वेदना भयंकर होतात. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे, चापडा त्यात नाही. म्हणून जखम कापणं, बांधणं, पाला लावणं यातलं काहीही न करता, हात न हलवता दवाखाना गाठायचा आणि कोणता साप ते डॉक्टरांना सांगायचं. इतक्या वर्षांत माझ्या सोबतच्या कुणालाही चावा बसलेला नाही. याचं श्रेय मला नाही, सापाच्या स्वभावाला आहे.

जळवांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या तुम्हाला विचारतील. मोजे पँटवरून ओढून घ्या. लागली तर ओढू नका, नखानं बाजूला सरकवून तिचं तोंड सोडवा. नंतर रक्त बराच वेळ येत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. घाबरू नका, दाबून धरा. मीठ किंवा तंबाखूचं पाणी बुटाला लावायची जुनी युक्ती चालते, पण हाताला नको. बेडकाची कातडी म्हणजे त्याचं अर्धं फुफ्फुसच. मिठाचा, सॅनिटायझरचा, डासांच्या मलमाचा हात त्याला लागला तर तो जळतो. हात न लावणं सगळ्यात उत्तम.

इथं माझी एक जुनी गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मंडळींना सकाळच्या उजेडात नीट फोटो मिळावा म्हणून मी एक उडता बेडूक रात्री प्लॅस्टिकच्या डब्यात घालून ठेवला. झाकणाला भोकं पाडली होती, ओलं पान ठेवलं होतं, वाटलं पुष्कळ झालं. पहाटे डबा उघडला तर तो कोपऱ्यात चिकटून बसला होता, रंग उडालेला, पडदे मिटलेले. फांदीवर ठेवला तर धरता येईना. मंडळींपैकी एकानं तरीही फोटो काढला. त्यानंतर माझ्या पिशवीत डबा नसतो. काही ठिकाणी आजही साप काठीनं उचलून 'चांगल्या' फांदीवर ठेवतात, फ्लॅशचे पन्नास बार उडवतात. असं होताना दिसलं तर तुम्ही पैसे देणाऱ्या आहात, थांबवा.

परत येताना रस्त्यावरूनच चालत या, गाडी करू नका. पावसाळी रात्री टोड, बेडूक, साप डांबरावर येतात, आणि गाडीतून ते कुणाला दिसत नाहीत. चालताना मात्र सकाळी चिरडलेले दिसले असते ते तुम्हाला जिवंत दिसतात. नशीब असेल तर देवगांडूळ दिसेल. गांडुळासारखा, पण जबडा आणि दात असलेला, जमिनीखाली राहणारा बेडकांचा बिनपायाचा भाऊबंद. याची एक जात २००३ साली आंबोलीतूनच जगापुढं आली.

झोपण्याआधी अजून एक. वाटाड्याला सांगून दाट झाडीच्या कडेला कुजक्या ओंडक्यांपाशी थांबा आणि सगळे दिवे बंद करा. मोबाइलसुद्धा, घड्याळसुद्धा. पहिली तीन-चार मिनिटं काहीच नाही, फक्त पाऊस आणि आपलीच धडधड. दहाव्या मिनिटाला पायाजवळ काहीतरी फिकट हिरवं उमटायला लागतं. फांदीचा आकार दिसतो, मग दुसरी, मग एक पान. कुजणाऱ्या लाकडातली बुरशी आहे ती, तिच्या अंगातल्या रसायनांचा थंड उजेड. सलग पाऊस झालेला असेल तर दिसते, चांदणं असलं तर नाही. मी दरवर्षी बघतो, आणि दरवर्षी दहा मिनिटं थांबायचा कंटाळा करून चौथ्या मिनिटाला बॅटरी लावणारा एक तरी माणूस सोबत असतो. तुम्ही एकट्या जाताय, याचा मोठा फायदा इथं आहे.

सकाळी सहाला उठा. शीळकरी कस्तूर ऐकायला. काळा-निळा पक्षी, छपराच्या कडेला किंवा ओढ्याजवळ बसून एखादा टवाळ पोरगा चाल विसरत विसरत शीळ घालतोय असं गातो. पाऊस थोडा थांबला तर धनेश, शेकरू दिसतील, नाही दिसले तर त्यांच्यामागे लागू नका.

आठच्या सुमारास हिरण्यकेशीला जा. गुहेतून नदी बाहेर येते, तिथंच देऊळ. आजऱ्यावरून गडहिंग्लजला जाते ती हीच हिरण्यकेशी, पुढं घटप्रभेला आणि मग कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोचते. घाटातल्या धबधब्याचं पाणी मात्र पश्चिमेकडच्या अरबी समुद्रात. देवळासमोरच्या कुंडात बोटाएवढे मासे दिसतात. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांना शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव दिलं, गावकरी आधीपासून देवाचा मासा म्हणत होतेच. २०२१ मध्ये सरकारनं इथला २.११ हेक्टरचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. पाण्यात उतरू नका, चुरमुरे टाकू नका. काठावर दहा मिनिटं बसलात की मासे आपणच पायाशी येतात.

मग खोलीवर जाऊन कोरडे कपडे, चहा, आणि बाराच्या सुमारास मुख्य रस्त्यावर. ओले गमबूट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, नाहीतर अख्ख्या गाडीला कळतं तुम्ही कुठून आलात. कोल्हापूरची गाडी दिसली की हात मोठा करा आणि विजेरी हलवा, भर दुपारी असली तरी. धुक्यात ड्रायव्हरला माणूस दिसत नाही.